अळणी पेज

माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी मीठ बंद केलं, आणि त्याच दिवसापासून वसईतल्या पापडी गावच्या आमच्या घरातली शांतता बंद झाली.

सासूबाईंचं नाव जुलियाना. मी त्यांना आई म्हणते. हृदय थकलेलं, रक्तदाब चढा, संध्याकाळपर्यंत पाय सुजून टम्म. मीठ पोटात गेलं की ते अंगात पाणी धरून ठेवतं आणि त्या पाण्याचा भार थकलेल्या हृदयावर पडतो, इतकं साधं ते गणित. पण गावात कुणाकडे लग्न असलं की इंदेलची, म्हणजे आमच्याकडच्या झणझणीत मटणाची टोपं उतरवण्याआधी मीठ बघायला जिला बोलावणं यायचं, त्या बाईला हे पटवणार कोण? दोन घास खायच्या, ताट सरकवायच्या आणि म्हणायच्या, "असलं जेवन मना मेल्यावर वाढा." महिन्याभरात खांद्याची हाडं वर आली. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, भरलेला वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प करते, पण या बाईपुढे माझं काही चालेना. नवरा रॉबर्ट कुवेतला. तो तिथून फोनवर उपदेश करायचा. फोनवरून उपदेश करायला काय जातं?

मग राखेचा बुधवार आला.

आमच्या घरची रीत अशी, की त्या दिवशी कपाळाला राख लावून देवळातून परतलं की सगळ्यांनी ओटीवर बसायचं आणि ईस्टरपर्यंत आपण काय सोडणार ते एकेकाने सांगायचं. एकदा सगळ्यांसमोर बोललं की बोललं, मागे फिरणं नाही. मी चहा सोडला. माझी लेक ॲनिशा म्हणाली, मी कारलं सोडते. ओरडा बसल्यावर कुरकुरत चॉकलेटवर आली. सासरे दरवर्षी ताडी सोडायचे. सिप्रियन त्यांचं नाव, आम्ही पप्पा म्हणतो. सत्तरी उलटली तरी दिवसभर केळीच्या वाडीत राबणारा, बोलणं कमी आणि मिस्किलपणा जास्त असा माणूस. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "अवंदा मी मीठ सोडतो."

"तुना काय धाड भरलीय मीठ सोडायला?" आई म्हणाल्या.

"पापं काय ताडीचीच असतात? जिभेची पन असतात."

त्या दुपारी पप्पांनी आईंच्याच अळणी टोपातलं वाढून घेतलं, त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि घास हातात धरून थांबले.

"खा की," आई म्हणाल्या.

"तू खा."

"मना नको."

"मंग मना पन नको."

उन्हातून खणून आलेला म्हातारा समोर उपाशी बसलाय, हे काही आईंच्याने बघवेना. त्या जेवल्या. नाक मुरडत, देवाला आणि डॉक्टरला एकत्रच बोल लावत, पण ताट संपवलं. मग रोज तसंच व्हायला लागलं. पप्पा घास धरून बसायचे, आई शिव्या घालायच्या आणि जेवायच्या. स्वयंपाकघराच्या दारातून मी ते बघायचे आणि मला भरून यायचं. एरवी मी रडणारी बाई नाही.

पप्पांनाही रक्तदाबाची एक गोळी होती, कितीतरी वर्षांपासूनची. लघवी साफ करणारी, छोटीशी, पांढरी. ती ते न चुकता घ्यायचे. पण मीठ सोडायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनाने सोडलं होतं, आणि कशासाठी ते आईंसकट आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. प्रायश्चित्ताच्या नावाखाली माणूस बायकोला जेवू घालत असेल तर त्याला अडवायचं कुणी?

त्याच दिवसांत मी अकरावीला पेशीचं आवरण शिकवत होते. मिठातलाच तो सोडियम. तो पेशीच्या बाहेर जास्त असतो, आणि आत पोटॅशियम जास्त. सोडियम सारखा आत शिरायला बघतो, आणि आवरणातले पंप त्याला सारखे बाहेर काढतात, पोटॅशियमला आत घेतात. तीन बाहेर, दोन आत. या उठाठेवीमुळेच पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूत इवलासा विजेचा फरक टिकून राहतो. कळंबहून येणारी कोळ्यांची पोरं माझ्या वर्गात बरीच, म्हणून मी दरवर्षी होडीचा दाखला देते. जुन्या होडीत पाणी झिरपतच असतं, ते उपसत राहायचं; उपसणं थांबलं की होडी गेली. आपण झोपतो तेव्हाही अंगातली कितीतरी ताकद या उपसण्यात जाते, आणि त्या एवढ्याशा विजेवर आपला हात हलतो, नाव आठवतं, माणूस ओळखू येतो. पोरांनी लिहून घेतलं, मी हातावरचा खडू झटकला आणि घरी आले.

घरी पप्पा ओटीवर बसले होते आणि कोयता कुठे ठेवला ते त्यांना आठवत नव्हतं. कोयता तांदळाच्या डब्यात सापडला. आम्ही हसलो, तेही हसले.

मग हसण्यासारखं कमी कमी होत गेलं. संध्याकाळच्या रोझरीत, माळेच्या प्रार्थनेत, ते एकच रहस्य, म्हणजे माळेचा एकच टप्पा, पुन्हा पुन्हा म्हणायला लागले. बावखलावरून, वाडीच्या तळ्यावरून, पाणी सोडायला गेले आणि नुसतेच काठावर उभे राहिले. डोकं दुखतं म्हणायचे, मळमळतं म्हणायचे, चालताना तोल जायचा. आईंची थोरली बहीण रिटा शेवटी शेवटी पोटच्या मुलांना ओळखत नव्हती. त्यामुळे आईंच्या मनाने जे घ्यायचं ते घेतलं. माझ्याजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "रोझमेरी, रिटाचं असंच सुरू जालं होतं."

"ऊन लागलंय त्यांना," मी म्हटलं. मला तेच खरं वाटत होतं, आणि तेच खरं असावं असंही वाटत होतं.

ऊन म्हटल्यावर आईंना काम मिळालं. जी बाई स्वतःच्या ताटाला हात लावत नव्हती ती नवऱ्यामागे तांब्या घेऊन फिरायला लागली. सकाळी शहाळं, दुपारी साखरेचं सरबत, मध्ये माठातलं पाणी. वाडीच्या बांधावर जाऊन उभ्या राहायच्या, "पी. सगळं पी." पप्पा मुकाट्याने प्यायचे. भूक मेली होती, म्हणून जेवणाऐवजी पातळ पेज, तीही अर्थातच अळणी. आई जितकं जास्त जपत होत्या तितके पप्पा जास्त बिघडत होते.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही सगळे देवळात गेलो. पप्पा आशीर्वादाची झावळी हातात घेऊन परत निघाले, हळूहळू, आईंच्या खांद्यावर हात ठेवून. घराच्या फाटकाशी ते थांबले. आईंकडे बराच वेळ बघितलं, खांद्यावरचा हात काढून घेतला, आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने विचारलं, "बाय, तुमी कोनाकडं आल्या?"

आईंनी त्यांचा हात धरला. "तुज्याकडंच आले," म्हणाल्या, आणि त्यांना आत घेऊन गेल्या. हातपाय धुवायला पाणी दिलं, पलंगावर निजवलं, झावळी क्रुसामागे खोचली. हे सगळं करून मग स्वयंपाकघरात आल्या आणि जमिनीवर बसल्या.

"गेला माजा म्हातारा," त्या म्हणाल्या. "अंग हाय, मानूस गेला."

मी त्यांना जवळ घेतलं. आमचं सासू-सुनेचं कधी गळ्यात गळे घालण्यातलं नव्हतं. पण त्या दिवशी त्या माझ्या खांद्यावर रडल्या आणि मीही रडले.

सोमवारी सकाळी पप्पांना ओटीवरच फेफरं आलं. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. शेजारच्यांनी गाडी काढली आणि आम्ही त्यांना वसईच्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉ. स्वप्ना किणी म्हणून तरुण डॉक्टर होत्या. झटका थांबवायचं इंजेक्शन देता देता त्यांनी मला प्रश्न विचारले. गोळ्या कोणत्या? मी सांगितली. पाणी किती पितात? भरपूर, मी म्हटलं. जेवणात काय? मी सांगायला लागले, आणि "अळणी" हा शब्द तोंडातून बाहेर पडला मात्र, माझा मलाच तो ऐकू आला.

रक्त गोखिवऱ्याच्या लॅबला गेलं. अहवाल यायच्या आधीच मला तो ठाऊक होता. सोडियम इतका खाली, की डॉक्टरांनी लॅबला फोन करून आकडा पुन्हा विचारून घेतला. गोळी मीठ बाहेर काढत होती, वाडीतला घाम मीठ बाहेर काढत होता, ताटातून मीठ येत नव्हतं आणि वरून आम्ही पाणी ओतत होतो. मला इतका संताप आला, पण तो काढायचा कुणावर? राखेच्या बुधवारावर की शहाळ्यांवर?

आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना सांगणं भाग होतं, आणि मी होडीवरच गेले. म्हटलं, आई, आपलं अंग म्हणजे कोट्यवधी बारीक बारीक होड्या. एरवी होडीच्या बाहेर खारं पाणी असतं आणि आत-बाहेर सगळं जमवून ठेवायचं काम होडी स्वतः करते. पप्पांच्या अंगात बाहेरचं पाणीच पुळपुळीत झालं. मीठ उरलं नाही, म्हणून ते पाणी होड्यांत शिरलं. मेंदूतल्या होड्या फुगल्या, आणि कवटीत फुगायला जागा कुठाय? विजेचं सगळं काम बिघडलं. म्हातारपण नाही हे, रिटामावशीसारखं नाही. मीठ कमी पडलंय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यानं माज्यापायी सोडलं. म्हंजे मी मारला त्याला."

"कुणी मारलेलं नाही. तुम्हाला मीठ सोसत नाही आणि त्यांना मिठावाचून सोसत नाही, एवढंच."

"एका चुलीवर एकाला इख आनि एकाला औषद?"

"हो," मी म्हटलं. "तसंच."

"मंग मूठभर मीठ घाला त्याच्या तोंडात, नि उठवा त्याला!"

हेच कुवेतहून रॉबर्ट ओरडत होता, दोन बाटल्या लावायला सांग म्हणून. पण डॉक्टर म्हणाल्या, घाई चालणार नाही. झटक्यासाठी थोडं तीव्र मिठाचं पाणी दिलंय, आता पुढचं थेंबाथेंबाने. फुगून फुटू नये म्हणून मेंदूतल्या पेशींनी आपल्याकडचेही क्षार बाहेर टाकले आहेत, पडेल त्या परिस्थितीशी जमवून घेतलं आहे. आता बाहेर एकदम मीठ वाढवलं तर आतलं पाणी धावत बाहेर येईल, पेशी आक्रसतील आणि मेंदूला कायमची इजा होईल. जितकं हळू बिघडलं तितकंच हळू सुधारायचं. "आणि पाणी मोजकंच," त्या म्हणाल्या.

रॉबर्टला मी सांगितलं, तू फोन ठेव आणि प्रार्थना कर, त्यात तुला बाटल्या लावता येणार नाहीत.

पाणी तोडायचं काम आईंकडे आलं. पप्पा अर्धवट शुद्धीत पाणी मागायचे आणि जी बाई बांधावर तांब्या घेऊन उभी राहायची तीच आता ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपायची आणि मान हलवायची. त्यांच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं, पण एक घोट त्यांनी जास्त दिला नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं त्या आयुष्यात पहिल्यांदाच तंतोतंत पाळत होत्या.

बुधवारी पप्पांनी टोपी मागितली. मला "रोझमेरी" म्हणाले, ॲनिशाला "ये गो बाय" म्हणाले. आईंना मात्र त्यांनी नावाने हाक मारली नाही. त्या ओठ टिपायला वाकल्या की नुसतं बघायचे. आईही विचारत नव्हत्या, मी कोण म्हणून. विचारायची त्यांना भीती वाटत होती. पुन्हा "बाय, तुमी कोन" आलं तर काय करायचं?

गुरुवारी डॉक्टर म्हणाल्या, आता तोंडाने द्या, चांगली मीठ घातलेली पेज द्या. ती गोळी तर कायमची बंद. मी हॉस्पिटलच्या पेजेत मीठ घालून चमचा पप्पांच्या तोंडाशी नेला.

"मीठ हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"आज वार कोनता?"

"गुरुवार. पवित्र गुरुवार."

"म्हंजे ईस्टर जालं नाय," पप्पा म्हणाले आणि तोंड मिटलं.

मी म्हटलं, पप्पा, बाटलीतून तीन दिवस मीठच जातंय तुमच्या अंगात. म्हणाले, ते मी कुठं खाल्लं, ते तर शिरेतून गेलं. मी म्हटलं, मी फादरांना बोलावते, ते सूट देतील. म्हणाले, ओटीवर फादर बोलला होता का? मी बोललो होतो. माझा आवाज चढला. मी म्हटलं, देवाला तुमचं सोडियम नको आहे, आणि तुमच्या हट्टापायी आम्ही काय काय बघितलंय ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का? शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. पप्पांनी तोंड उघडलं नाही. मेंदू ताळ्यावर येत होता, पण हट्ट सगळ्यात आधी ताळ्यावर आला होता.

आई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या निघून गेल्या. दुपारी रिक्षाने परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पितळेचे दोन डबे होते. त्यांनी पप्पांच्या समोर स्टूल ओढलं, दोन्ही डबे उघडून खाटेवर ठेवले. दोन्हीत पेज.

"हे तुजं, मिठाचं," त्या म्हणाल्या. "हे माजं, अळणी."

पप्पांनी मान फिरवली.

"तू देवासाठी सोडलं नव्हतं. माज्यासाठी सोडलं होतं. देवाला ते तवाच कळलं होतं, तो काय खुळा हाय? माज्यासाठी सोडलेलं मी परत देते तुना. पाप लागलं तर माज्या डोक्यावर."



मग आईंनी आपल्या डब्यातली चमचाभर पेज घेतली, तोंडापर्यंत नेली आणि तिथेच धरली. खाल्ली नाही. पप्पांकडे बघत बसल्या. चमचा हातात तसाच. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि चमचा कलायला लागला होता. चमच्यातली पेज थेंबथेंब पदरावर सांडत होती.

पप्पांनी मान वळवली. तो चमचा बघितला, पदरावरचे थेंब बघितले. त्यांच्या कपाळावर आठी आली, हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवताना येते तशी.

"खा की," ते म्हणाले.

"तू खा."

पप्पांनी हात पुढे केला, सुई टोचलेला, पट्टी बांधलेला हात, आणि मिठाच्या डब्यातून एक चमचा घेऊन तोंडात घातला. गिळला. मग आईंनी आपला चमचा खाल्ला. तोंड वाकडं केलं नाही, देवाला बोल लावला नाही. उलट छान हसून म्हणाल्या, "बघ, गोड लागते. मना आता अळणीच आवडते."

पप्पांनी चमचा डब्यात ठेवला आणि आईंच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं.

"खोटारडी," ते म्हणाले. "जुलियाना, लगीन जाल्यापासून तुना एकदा पन खोटं बोलता आलं नाय. डावी भुवई वर जाते तुजी."

मी खिडकीकडे तोंड केलं. मागून आईंचं रडणं ऐकू आलं आणि त्यातूनच हसणंही. मी वळून बघितलं तेव्हा त्यांनी एका हाताने डावी भुवई झाकून घेतली होती आणि दुसऱ्या हाताने अळणी पेज खात होत्या. शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.